सहसंबंधाचा विश्वास अंतराल कसा काढावा?

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील ४० हळद प्लॉटांच्या पाहणीत जमिनीतील सेंद्रिय कर्ब आणि एकरी उतारा यांचा पिअर्सन सहसंबंध गुणांक ०.४५ आला. मार्गदर्शक त्याचा परिणाम आकार आणि ९५ टक्के विश्वास अंतराल मागतात. ते कसे काढावेत?
– एक संशोधक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : ०.४५ हा गुणांक स्वतःच परिणामाचा आकार, म्हणजे संबंध किती घट्ट आहे याचे माप, आहे; तो वेगळा काढावा लागत नाही. विश्वास अंतरालासाठी, म्हणजे खरा गुणांक ज्या दोन सीमांच्या दरम्यान असावा असा अंदाज आहे त्या पट्ट्यासाठी, मात्र थेट अधिक-उणे करू नये, कारण गुणांक १ च्या पुढे जाऊ शकत नसल्याने त्याचे वितरण एका बाजूला झुकते. म्हणून संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या रूपांतराने (१ अधिक गुणांक भागिले १ उणे गुणांक, याच्या नैसर्गिक लॉगचा अर्धा) तो ०.४८५ करावा, प्रमाण त्रुटी (नमुना बदलल्यास अंदाज किती हलतो याचे माप) म्हणून नमुनासंख्येतून ३ वजा करून उरलेल्या ३७ च्या वर्गमूळाचा व्यस्त, म्हणजे ०.१६४, घ्यावा, तिच्या १.९६ पटीने दोन्ही सीमा काढाव्यात आणि त्या पुन्हा मूळ मापात आणाव्यात. उत्तर ०.१६ ते ०.६७ येते. ‘आर’ या मोफत सॉफ्टवेअरमधील ‘कॉर.टेस्ट’ हे फंक्शन हेच गणित करते. मूळ आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांवरून सहसंबंध काढणारी स्पिअरमन पद्धत निवडल्यास मात्र ते अंतराल देत नाही, तेव्हा बूटस्ट्रॅप (हातातील नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढून अंतराल ठरवण्याची पद्धत) वापरावे. संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांच्या निकषांनुसार ०.१ लहान, ०.३ मध्यम आणि ०.५ मोठा परिणाम मानतात. तुमचा अंतराल या तिन्ही पातळ्यांना स्पर्श करत असल्याने प्रबंधात केवळ ‘मध्यम संबंध’ असे न लिहिता दोन्ही सीमा अवश्य द्याव्यात.