स्टोव्हचं क्रेडिट गेलंच, पण गळती दुसरीकडे आहे

न्यू हॅम्पशायरहून पत्र आलंय. वय 39, आयटीत नोकरी, दोन लहान मुलं. घरात पेलेट स्टोव्ह (लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी) घेतला, फिटिंग धरून 5,600 डॉलर. पैसे नोव्हेंबर 2025 मध्येच भरले, पण धुराड्याचं लायनर (आतली नळी) बसवायला माणूस आला थेट 9 जानेवारीला. दुकानदार म्हणतो बिल गेल्या वर्षीचं आहे, 30 टक्के टॅक्स क्रेडिट, म्हणजे टॅक्समधून थेट वजावट, मिळणारच. मिळेल का?

नाही मिळणार. इथे बिलाची तारीख बघत नाहीत, स्टोव्ह बसून चालू कधी झाला ते बघतात, आणि जुलै 2025 च्या कायद्याने 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या वस्तूंना हे क्रेडिट बंदच करून टाकलंय. डिसेंबरात बसला असता आणि स्टोव्हची एफिशियन्सी निदान 75 टक्के असती तर 1,680 डॉलर सुटले असते. आता या क्रेडिटच्या फॉर्म 5695 वर नोव्हेंबरचं बिल लावून नशीब आजमावू नका, पकडलं तर क्रेडिट परत, वर व्याज, वर 20 टक्के दंड, आणि तेव्हा दुकानदार फोन उचलणार नाही.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही जाताजाता लिहिलंय, की तीन वर्षं महिन्याला 600 डॉलर आययूएल पॉलिसीत (शेअर बाजाराच्या इंडेक्सला जोडलेला आयुर्विमा) जातात म्हणून 401-के (कंपनीतलं निवृत्तीचं खातं) बंद ठेवलंय, आणि स्टोव्ह 24 टक्के व्याजाच्या क्रेडिट कार्डावर घेतलाय, क्रेडिट आलं की फेडू. अहो, स्टोव्हचं काय घेऊन बसलात!

पगार 1,10,000, कंपनी 4 टक्के मॅच देते (तुम्ही टाकाल तेवढेच तीही टाकते), म्हणजे वर्षाला 4,400 डॉलर फुकटचे, ते तीन वर्षं सोडले, झाले 13,200. आययूएलमध्ये भरले 21,600, सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मोडली तर हातात येणारे) आज 8,900, म्हणजे तिथेही जवळजवळ तेवढेच गेले. पंचवीस हजारांचं भोक आणि आपण 1,680 साठी दुकानदाराशी वाद घालतोय.

पॉलिसी विकणारा मंडळाच्या गणपतीत भेटलेला 'आपलाच माणूस'. मार्केट पडलं तरी शून्याच्या खाली जात नाही म्हणाला. बरोबर, व्याज शून्य, पण इन्शुरन्सचा खर्च आणि चार्जेस त्या वर्षीही कापतातच, मार्केट चढलं की व्याजाला वर कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, आणि डिव्हिडंड तुमचा नाहीच. त्याने दाखवलेल्या रंगीत कागदावर दर वर्षी साडेसहा टक्के सरळ रेषेत चढलेत, असं मार्केट मी तरी बघितलेलं नाही.

आधी दहा लाख डॉलरचा वीस वर्षांचा टर्म (ठरावीक मुदतीचा नुसता विमा) घ्या, तब्येत चांगली आणि सिगारेट नसेल तर महिन्याला साधारण पन्नास-साठ डॉलर. तो हातात पडेपर्यंत आययूएलला हात लावू नका, मुलं लहान आहेत. मग सरेंडर करा, 5,600 कार्डात भरून टाका, उरलेले अडीअडचणीला बाजूला. भरलेल्यापेक्षा कमीच परत येतंय, त्यामुळे त्यावर टॅक्सही नाही (कौतुकच म्हणायचं). 401-के मात्र कशासाठीही थांबवून ठेवू नका, पुढच्या पगारापासून निदान 4 टक्के चालू.

आणि दुकानदाराने क्रेडिटचं ईमेलवर लिहून दिलं असेल तर तो दाखवून काहीतरी मागाच, एक टन पेलेट म्हणजे चाळीस पाउंडाच्या पन्नास पिशव्या सुटल्या तरी पुष्कळ झालं.