'गोट', 'कुडा' आणि ४-४-२ : मसल गाड्यांची नावं वाचायची कशी?

प्रश्न असा : जुन्या अमेरिकन मसल कारबद्दलच्या (म्हणजे मोठं, ताकदवान इंजिन घातलेल्या गाड्यांबद्दलच्या) मजकुरात पाँटिॲक जीटीओला 'द गोट' म्हटलेलं असतं. खेळाडूंना 'सर्वकाळ श्रेष्ठ' या अर्थानं लावतात तेच का हे 'गोट'? आणि नावातले ४४२, ३५०, ३९६ हे आकडे इंजिनाचे समजायचे का?

पहिल्याचं उत्तर, नाही. जीटीओमधल्या टी आणि ओची अदलाबदल करा, मधे एक 'ए' घुसवा, झाला 'गोट', म्हणजे बोकड. एवढाच अक्षरांचा खेळ आहे. खेळाडूंच्या 'गोट'शी त्याचा काही संबंध नाही. 'गॅस, टायर, ऑइल' अशीही फोड सांगतात (ही गाडी तिन्ही भरपूर खाते, म्हणून), पण तो चेष्टेनं मागाहून लावलेला अर्थ. कंपनीनं जाहिरातीत वाघ लावून धरला होता. लोकांनी बोकडच ठेवला.

मुळातलं 'जीटीओ' हेही उसनंच. १९६४ साली पाँटिॲकच्या जॉन डिलोरियन यांनी ते फेरारी २५० जीटीओवरून उचललं. 'ग्रान टुरिस्मो ओमोलोगातो' म्हणजे जीटी गटात शर्यतीसाठी मान्यता मिळालेली गाडी. पाँटिॲकला अशी मान्यता कधीच नव्हती. टेम्पेस्ट ल मान्स या साध्या गाडीवर तीनशे डॉलरच्या आत मिळणारं ते एक जादा पॅकेज होतं. खरं तर फेरारीची बाजूही फार भक्कम नव्हती. नियमानं शंभर गाड्या हव्या होत्या, फेरारीनं चाळीससुद्धा बांधल्या नाहीत. ही जुन्या २५० जीटीचीच सुधारित आवृत्ती, असं सांगून वेळ निभावली. त्यातला २५० हा आकडाही अख्ख्या इंजिनाचा नव्हे. तीन लिटरच्या बारा सिलिंडरांपैकी एकेकाचा तो आकार, सीसीमध्ये.

आता दुसरा भाग, आणि चुका होतात त्या इथेच. अमेरिकन गाड्यांचे आकडे बहुधा घनइंचात असतात. १६.३९ नं गुणलं की सीसी मिळतात : ४२६ म्हणजे सुमारे ६,९८० सीसी, सात लिटर. पण गुणाकार करण्याआधी तो आकडा खरंच इंजिनाचा आहे का, हे पाहावं. १९६४ च्या जीटीओच्या बाजूला '६.५ लिटर' असा बिल्ला होता. आत ३८९ घनइंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन. शेव्हरलेच्या शेव्हेल एसएस (सुपर स्पोर्ट) ३९६ मध्ये १९७० साली ४०२ घनइंचांचं इंजिन आलं, तरी बिल्ला ३९६ च राहिला, कारण नाव तोवर रुळलं होतं. शेल्बी जीटी३५० मधलं इंजिन २८९ घनइंचांचं आणि ताकद ३०६ अश्वशक्ती. ३५० कुठेच नाही. दोन इमारतींमधलं अंतर पावलांनी मोजून आलेला तो आकडा, असं गाडीचे निर्माते कॅरोल शेल्बी सांगत.

ओल्ड्समोबिल ४-४-२ 'चारशे बेचाळीस' वाचू नये. ते 'फोर-फोर-टू' आहे आणि लिहितानाही आडव्या रेघा ठेवाव्यात. १९६४ साली अर्थ होता चार बॅरलचा (हवेच्या चार नळ्यांचा) कार्बोरेटर, चार गिअर आणि दुहेरी एक्झॉस्ट. पुढच्याच वर्षी ऑटोमॅटिक गिअर मिळू लागला आणि 'चार गिअर' खोटं ठरलं. मग कंपनीनं फोड बदलली : ४०० घनइंचांचं नवं इंजिन, चार बॅरल, दोन एक्झॉस्ट. नाव तेच ठेवून अर्थ बदलण्याचा इतका बिनधास्त नमुना विरळाच. तेव्हा अर्थ देताना वर्ष विचारलंच पाहिजे.

कॅमॅरो झेड/२८ मध्ये तर अर्थच नाही. ऑर्डर फॉर्मवरचा तो पर्यायाचा सांकेतिक क्रमांक. झेड२७ हा एसएस पॅकेजचा होता, त्याच्या पुढचा हा. अमेरिकेत उच्चार 'झी-ट्वेन्टीएट'. ट्रान्स-ॲम या अमेरिकन शर्यतमालिकेत पाच लिटरची, म्हणजे ३०५ घनइंचांची मर्यादा होती, म्हणून ३२७ घनइंची इंजिनाच्या ब्लॉकमध्ये (मुख्य सांगाड्यात) २८३ च्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट (पिस्टनला जोडलेला दांडा) बसवून ३०२ घनइंच जुळवले. नावात यातलं काहीच उतरलं नाही.

'कुडा'चं प्रकरण उलटं. प्लिमथ बॅराकुडाचा लोकांनी केलेला हा संक्षेप, पण पुढे कंपनीनंच तो बिल्ल्यावर घेतला, सुरुवातीच्या लोपचिन्हासकट. १९७० पासून, १९७४ साली उत्पादन थांबेपर्यंत, कुडा हे जोरदार आवृत्तीचं अधिकृत नाव होतं. त्या वर्षीच्या कुडाचं मूळ इंजिन ३८३ घनइंचांचं, वर ४२६ हेमीपर्यंत ('हेमी' म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्षाचं इंजिन) पर्याय. साधी बॅराकुडा मात्र सहा सिलिंडरचीही मिळे. म्हणून १९७० नंतरच्या हरेक बॅराकुडाला कुडा म्हणणं चूक. जुन्या गाड्यांच्या बाजारात या चुकीची किंमत मोठी असते. (४२६ हेमीच्या अवाढव्य धुडाला 'एलिफंट' हे टोपणनाव पडलं.)

मराठीत लिहिताना लिंगाचा प्रश्न उरतो. 'गाडी' मनात असल्यामुळे ही सगळी नावं स्त्रीलिंगीच चालवावीत : मस्टँग आली, कुडा विकली. डॉजच्या चार्जरबाबत तर हे पाळायलाच हवं, कारण 'चार्जर विकला' म्हटलं तर वाचणारा मोबाइलचा समजेल.