आठवड्याची खाली

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तू लॅपटॉपवर दाखवलेले तुझ्या आठवड्याच्या तक्त्याचे ते सात रंगीत रकाने अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. जर्मनच्या वर्गाला हिरवा रंग, व्यायामाला निळा, त्या ऑनलाइन कोर्सला केशरी, आणि रविवारी दुपारी चार ते सहा एवढ्याच चौकटीत राखाडी अक्षरांत लिहिलेले ‘आराम’. मंगळवारी पावसात हिंजवडीहून कोथरूडला पोहोचायला दोन तास लागले म्हणून वर्ग बुडाला, तो बुधवारी ढकलला, बुधवारचा व्यायाम गुरुवारी गेला, आणि अशी सगळ्यांची उधारी शेवटी त्या राखाडी चौकटीतून फेडली गेली. “काका, मला शिस्तच नाही,” असे तू म्हणालीस. मी गप्प राहिलो, कारण तुझी काकू समोर बसली होती, आणि या विषयावर मी किती अधिकाराने बोलू शकतो हे तिला पुरते ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

तुला शिस्त पुष्कळ आहे. तुझ्या आखणीचा क्रम चुकला आहे. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६, कचेरीचे ४५, प्रवासाचे १२ (तू ८ धरले आहेस, तो निव्वळ आशावाद आहे), स्वयंपाक, जेवण, आंघोळ, कपडे यांचे २१. उरले ३४. हे ३४ तास तू हिरव्या, निळ्या आणि केशरी रंगांनी काठोकाठ भरलेस, आणि जे दोन उरले त्यांना आराम म्हटलेस. मोकळी वेळ उरत नसते, बाळ. ती सगळ्यांत आधी लिहावी लागते, आणि तीही शाईने.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षे प्रॉडक्शन प्लॅनिंग पाहिले. प्रत्येक सोमवारी सकाळी प्रत्येक मशीनचा लोडिंग चार्ट माझ्या टेबलावरून निघत असे. नव्याने आलेली पोरे प्रेस (दाब देऊन सुटे भाग घडवणारी मशीन) रिकामी दिसली की अस्वस्थ होत आणि तिच्यावर शंभर टक्के काम लावत. त्यांना मी कागदावर एक साधे गणित करून दाखवी. कामे ठरलेल्या वेळी न येता कशीही येत असतील आणि त्यांना कमीजास्त वेळ लागत असेल, तर ८० टक्के भरलेल्या मशीनपुढे नव्या कामाला, ते करायला जितका वेळ लागतो त्याच्या सरासरी चौपट वेळ नुसते थांबावे लागते. ९० टक्क्यांना नऊपट आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. शेवटचे पाच-दहा टक्के वाचवायला जावे, तर रांग दारापर्यंत जाते. तुझ्या मंगळवारच्या पावसाने नेमके हेच केले. पाऊस पुण्यात पडणारच होता. तुझ्या तक्त्यात त्याला उभे राहायला जागा नव्हती.

इतके सगळे कळत असलेल्या माणसाने स्वतःच्या आठवड्याचे काय केले, ते आता सांगतो. विजेचा भार वेगवेगळ्या भागांत वाटला जावा म्हणून आमच्या औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे, आणि तुझ्या काकूची शाळा रविवारी बंद. दोघांचा मिळून असा एकही वार नव्हता. मग मी गुरुवारी संध्याकाळी सदाशिव पेठेत एका गुरुजींकडे तबला शिकू लागलो. सहा ते साडेसात. पहिले आठ महिने एकही वर्ग चुकला नाही. नंतर एका गुरुवारी मेंटेनन्ससाठी प्रेस उघडली होती म्हणून गेलो नाही, दुसऱ्या गुरुवारी प्रेसच्या नव्या साच्याची, डायची, ट्रायल होती, तिसऱ्या गुरुवारी काहीच नव्हते, तरी सवयीने कारखान्यात गेलो. दीड महिन्याने जिना चढून वर गेलो, तेव्हा माझ्या जागी दहा-बारा वर्षांचा एक मुलगा बसला होता. गुरुजी ठेका न थांबवता म्हणाले, “तुमची वेळ याला दिली. हा येतो.” मी चपला घालून खाली उतरलो. पुढली सतरा वर्षे मी तबल्याला हात लावला नाही.

कारखान्याला मी दोष देत नाही. गुरुवारी या, असे मला कोणी लेखी कळवले नव्हते. घराचे हप्ते होते, बढती तोंडावर होती, आणि खरे सांगायचे तर, माझ्याशिवाय प्रेस चालत नाही असे वाटून घेण्यात मला सुख होते. त्या हप्त्यांमुळेच आज हे घर आहे, हेही तुझ्या काकूला अधूनमधून ऐकवतो. ती ऐकून घेते, एवढेच.

गुरुजींनी शिकवलेली एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की राहिली. तीनतालाच्या १६ मात्रांत नवव्या मात्रेवर ‘खाली’ येते, म्हणजे आवर्तनातली रिकामी जागा. तिथे टाळीऐवजी हात बाजूला करून दाखवतात, डग्ग्याचा घुमारा थांबतो, ‘धिं’च्या जागी ‘तिं’ वाजते, आणि गाणाऱ्याला न मोजताही कळते की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आता आठ मात्रांवर आहे. ही ‘खाली’ काढून सोळाही मात्रा सारख्याच भरीव वाजवल्या, तर आपण आवर्तनात कुठे आहोत हे कोणालाच उमगणार नाही. तुझा मंगळवार आणि तुझा शनिवार सध्या असेच एका आवाजात वाजत आहेत. सातही वारांच्या नावाच्या पेठा असलेल्या गावात राहून तुला आज वार कोणता हे फोनला विचारावे लागते, हे तूच मला हसत सांगितलेस. मला हसू आले नाही.

आणि सुट्टी मागताना ओशाळतेस कशाला? मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली, आणि त्यासाठी कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागणी १८८४ पासून लावून धरली होती. तुम्ही मुले तोच रविवार चार ते सहाच्या चौकटीत कोंबता आणि तिथेही कोर्सचे व्हिडिओ पाहता.

तेव्हा आता तक्ता कोरा कर. आधी एक सबंध संध्याकाळ लिही. रविवारची नको, आठवड्याच्या मधली, बुधवार किंवा गुरुवार. त्या संध्याकाळी काय करणार हे लिहू नकोस, मलाही सांगू नकोस. त्यानंतर झोप आणि खराखुरा प्रवास. त्यानंतर जर्मन किंवा कोर्स, दोन्हींपैकी एकच, दुसरे दिवाळीनंतर. व्यायामाचे वार तुझे तू ठरव, त्यात मला गती नाही. शेवटी पाच-सहा तास कोणताही रंग न देता सोड, ते पावसाचे आणि पाहुण्यांचे. एखादे काम चुकले तर ते या बिनरंगी तासांत जाईल. तिथेही जागा नसेल तर ते त्या आठवड्यापुरते मेले असे समजावे. ठरवलेल्या संध्याकाळीत ते शिरता कामा नये. वरिष्ठांचा फोन आला, मैत्रिणीचा साखरपुडा निघाला, मी स्वतः बोलावले, तरीही नाही.

शनिवारी सकाळी नवा तक्ता घेऊन ये. काकू थालीपीठ करणार आहे. गुरुवारी सहा ते साडेसात मात्र येऊ नकोस. निवृत्तीनंतर तबला पुन्हा काढला आहे, बोटे लाकडासारखी झाली आहेत, सोपा कायदासुद्धा (तबल्यावरची बोलांची एक बांधणी) दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, बसत नाही, आणि त्या दीड तासात दार वाजले तरी मी उठत नाही.

तुझा
काका