जर्मनीत नवीन आहात? आधी एवढंच सांभाळा
चिडचिड होणं साहजिक आहे, पहिल्या वर्षी माझीही रोज व्हायची. सगळं एकदम समजून घ्यायला जाऊ नका.

- रविवारी दुकानं बंद असतात. किराणा शनिवारीच भरा.
- रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळा. रविवारी ड्रिल, ठोकाठोक अजिबात नको.
- शेजाऱ्याने तोंडावर चूक दाखवली तर ते भांडण नव्हे, तिथली थेट बोलण्याची रीत आहे. नवखे इथेच सर्वांत जास्त दुखावतात. मी महिनाभर एका शेजारणीशी अबोला धरला होता. पुढे तिनेच मला भाडेकरार ओळीओळीने समजावून दिला.

सहकारी घरी बोलावत नाहीत म्हणून खचू नका, ओळख सावकाश मुरते. भाषेचा वर्ग मात्र आजच लावा. कराचं नंतर बघू.