चुनखडकातून फोरॅमिनिफेरा (कवच असलेले सूक्ष्म एकपेशीय सागरी जीव) यांचे जीवाश्म सुटे होत नसतील, तर क्रिटेशस (सुमारे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातील नमुन्यांचे वर्गीकरण कसे करावे? नांदेडकडची शेतातली चुनखडी सरावाला चालेल का?

खडकाचे सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीचे छेद घ्यावेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली आधी कवचाची भिंत, मग कप्प्यांची मांडणी आणि शेवटी मुख (कवचाचे तोंड) व कडेचे कंगोरे (उंचवट्याच्या धारा), याच क्रमाने ओळख पटवावी. हा क्रम मनचा नाही; फोरॅमिनिफेरांचे अभ्यासक लोब्लिक आणि टॅपन यांच्या १९८७ च्या वर्गीकरणातही भिंतीचे द्रव्य व रचना यांनाच अग्रस्थान आहे, म्हणून भिंत वाळूचे कण चिकटवून बनलेली, चिनीमातीसारखी अपारदर्शक की काचेसारखी सच्छिद्र, हे ठरल्याशिवाय आकाराच्या मागे लागू नये. उत्तर क्रिटेशसमधील ग्लोबोट्रंकाना हा फोरॅमिनिफेरांचा वंश अक्षीय छेदात (कवचाच्या वेटोळ्याच्या अक्षातून घेतलेल्या छेदात) कप्प्याच्या कडेवरील दोन कंगोऱ्यांवरून ओळखता येतो, तर ग्लोबोट्रंकानिटाला एकच कंगोरा असतो. हेटरोहेलिक्सचे कप्पे दोन ओळींत आलटूनपालटून बसलेले दिसतात. मात्र छेद तिरका गेला असेल, तर दुसरा कंगोरा दिसतच नाही, आणि कॅल्साइटचे पुनर्स्फटिकीकरण झाले असेल, तर भिंतही फसवते. अशा वेळी प्रजातीचे (species) नाव देण्याचा हट्ट न धरता वंशापाशीच (genus) थांबणे मला अधिक प्रामाणिक वाटते. शेतातली चुनखडी मात्र चालणार नाही, कारण ती बेसाल्ट झिजून बनलेल्या मातीत साचलेली आहे, समुद्रात नव्हे. सरावासाठी तमिळनाडूतील अरियलूर परिसरातील सागरी क्रिटेशस चुनखडकाचे नमुने मिळवावेत.