आठ-दहा दिवसांच्या सुट्टीत इतिहास आणि निसर्ग दोन्ही पाहायचे असतील, तर कोणत्या छोट्या देशात जावे?

माझं उत्तर: जॉर्जिया. क्षेत्रफळ जेमतेम ७० हजार चौ. किमी, पण त्यात कॉकेशसची हिमशिखरं, द्राक्षमळे आणि काळ्या समुद्राचा किनारा, सगळं आलं.

सुरुवात राजधानी तिबिलिसीच्या जुन्या भागातून करा. तिथली घुमटाकार गंधकयुक्त स्नानगृहं चुकवू नका. जवळच म्त्सखेता ही जुनी राजधानी आहे. तिथे टेकडीवरच्या सहाव्या शतकातल्या ज्वारी मठातून खाली दोन नद्यांचा संगम दिसतो.

पण जीव अडकतो तो स्वानेती या डोंगराळ भागात. प्रत्येक कुटुंबाने स्वसंरक्षणासाठी बांधलेले दगडी मनोरे तिथे गावोगावी अजून उभे आहेत. उश्गुली तर सुमारे २,१०० मीटर उंचीवर वसलंय, मागे शखारा शिखर! रस्ता लांबचा आणि वळणांचा आहे, म्हणून मेस्तिया या तिथल्या मुख्य गावात किमान तीन रात्री ठेवा. घाईत उरकायची ही जागाच नाही.

वेळ कमी असेल तर किनाऱ्यावरचं बातुमी शहर गाळा, समुद्र इतरत्रही मिळेल. त्याऐवजी वार्दझिया बघा, १२ व्या शतकात कड्यात कोरलेली गुहानगरी.

जून ते सप्टेंबर डोंगरांसाठी उत्तम. काखेती या वाइनच्या प्रदेशातली द्राक्षतोडणी पाहायची असेल तर सप्टेंबरअखेर जा. तिथे आजही जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत वाइन मुरवतात. चर्चमध्ये जाताना स्त्रियांनी डोकं झाकायला ओढणी ठेवावी, आणि खेड्यांसाठी थोडे रोख लारी (तिथलं चलन).