ऑडिओ ड्रामाचे दिवस संपले का? मराठीत आत्ता मालिका सुरू करण्यात अर्थ आहे का?

नाही, संपलेले नाहीत. मोठ्या कंपन्यांनी ज्या अपेक्षेने यात पैसा ओतला ती अपेक्षा फसली, आणि तुम्ही वाचताय त्या बातम्या त्या फसगतीच्या आहेत. तुम्ही लिहिलंय की तुम्ही तिघं मित्र मराठीत आठ भागांची रहस्यमालिका करताय, पहिला भाग लिहून तयार आहे, आणि परदेशात पॉडकास्टचे स्टुडिओ बंद होतायत हे वाचून दोघांनी पाय मागे घेतलाय. मी पूर्वी आकाशवाणीच्या श्रुतिकांमध्ये, म्हणजे रेडिओवरच्या नाटकांत, आवाज दिलाय आणि आता ध्वनिसंकलनावर माझं घर चालतं. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी बातम्यांचं बघू. २०१२ साली जोसेफ फिंक आणि जेफ्री क्रेनॉर या दोघांनी ‘वेलकम टू नाइट व्हेल’ हे कथा सांगणारं पॉडकास्ट सुरू केलं. वाळवंटातलं एक काल्पनिक गाव, तिथलं छोटंसं रेडिओ केंद्र, आणि गावातल्या अघोरी घडामोडी रोजच्या बातम्यांच्या शांत सुरात सांगणारा निवेदक. चित्रपटातला कुणी नामवंत नाही, पाठीशी कंपनी नाही. २०१३च्या जुलैत ते आयट्यून्सच्या पॉडकास्ट यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. पुढच्या वर्षी ‘सीरियल’ गाजलं. ती कथा नव्हे, खऱ्या खुनाच्या प्रकरणावरची पत्रकारिता, पण तिच्यामुळे पैसेवाल्यांचं लक्ष पॉडकास्टकडे वळलं. २०१६मध्ये गिमलेट या पॉडकास्ट कंपनीने ‘होमकमिंग’ हा ऑडिओ ड्रामा काढला. त्यात कॅथरिन कीनर, ऑस्कर आयझॅक आणि डेव्हिड श्विमर होते, आणि दोन वर्षांत ज्युलिया रॉबर्ट्सला घेऊन त्याची ॲमेझॉनवर मालिका आली.

माझ्या मते घोटाळा इथून सुरू झाला. ऑडिओ ड्रामा म्हणजे पडद्यावरच्या मालिकेची स्वस्तातली चाचणी, असं समीकरण रुजलं. मोठे नट घ्या, आठ-दहा भाग ध्वनिमुद्रित करा आणि चित्रपटवाल्यांना विकून टाका. स्पॉटिफायने २०१९मध्ये गिमलेट विकत घेतली. २०२२ला त्यांचं ‘बॅटमॅन अनबरीड’ हे ऑडिओ नाटक आलं, त्याच्या वेगवेगळ्या भाषांत आवृत्त्या निघाल्या, हिंदीतही निघाली. आणि २०२३च्या जूनमध्ये त्याच स्पॉटिफायने पॉडकास्ट विभागातली सुमारे २०० माणसं कमी केली आणि गिमलेटला आपल्याच दुसऱ्या एका स्टुडिओसोबत एकत्र करून टाकलं. २०२५मध्ये ॲमेझॉनने वंडरी ही आपली पॉडकास्ट कंपनी मोडून तिचे तुकडे इतर विभागांत वाटले. दरम्यान पॉडकास्ट म्हणजे कॅमेऱ्यासमोर बसून गप्पा, हे इतकं पक्कं झालं की २०२६च्या गोल्डन ग्लोबमध्ये पॉडकास्टसाठी पहिल्यांदाच पारितोषिक ठेवलं तेव्हा नामांकनात एकही कथामालिका नव्हती. मला याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

पण याच वर्षांत लंडनच्या रस्टी क्विल या छोट्या गटाने ‘द मॅग्नस आर्काइव्ह्ज’ ही भयमालिका २०१६ ते २०२१ अशी चालवली. पूर्ण २०० भाग. लेखक जोनाथन सिम्स स्वतःच मुख्य पात्राचा आवाज. पुढच्या मालिकेसाठी त्यांनी २०२२मध्ये श्रोत्यांकडून वर्गणी मागितली, तर मागितल्याच्या कितीतरी पट रक्कम जमली, आणि २०२४मध्ये ‘द मॅग्नस प्रोटोकॉल’ सुरू झालं. म्हणजे ऐकणारे होते आणि खिशात हात घालायलाही तयार होते. चित्रवाहिनीकडे जायचा जिना म्हणून केलेली नाटकं बरीचशी विरून गेली. कानासाठीच लिहिलेली टिकली.

कानासाठी लिहिणं म्हणजे काय, यावर जरा थांबतो, कारण तुमच्या पहिल्या भागाचं भवितव्य यावरच ठरणार आहे.

१५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीवर रिचर्ड ह्यूजचं ‘डेंजर’ प्रसारित झालं. खास रेडिओसाठी लिहिलेल्या अगदी पहिल्या नाटकांत त्याची गणना होते. वेल्समधली कोळशाची खाण बघायला आलेली माणसं, आणि सुरुवातीलाच दिवे जातात. पुढे पाणी चढत जातं. पात्रांना जेवढं दिसतं तेवढंच श्रोत्याला दिसतं, म्हणजे काहीच नाही. प्रतिध्वनी कुठून येतोय, पाणी किती जवळ आलंय, शेजारचा माणूस घाबरलाय की नुसता चिडलाय, हे पात्रंही कानानेच ओळखतात आणि आपणही. दूरवर गाणारे खाणकामगार हवे होते, तर गाणाऱ्या मंडळींना स्टुडिओबाहेर व्हरांड्यात उभं केलं. आवाज हवा तेव्हा दार उघडायचं, नको तेव्हा लावायचं. शंभर वर्षं झाली, पण आपल्याला इथे फक्त ऐकूच का येतंय, या प्रश्नाला यापेक्षा चोख उत्तर मला माहीत नाही.

टिकलेल्या मालिकांत हे उत्तर सापडतंच. नाइट व्हेलमध्ये आपण रेडिओच ऐकतोय. मॅग्नसमध्ये एका संस्थेतल्या जुन्या जबान्या टेपवर मुद्रित होतायत, भाग सुरू होताना टेपचा खटका ऐकू येतो, आणि तो टेपरेकॉर्डर पुढे कथेतच महत्त्वाचा होतो (जास्त सांगत नाही, ऐका). ‘होमकमिंग’मध्ये समुपदेशनाच्या बैठकांची मुद्रणं आणि फोनवरची बोलणी. त्या मालिकेतल्या फोन कॉलमध्ये पलीकडे चालू असलेली गडबड नीट ऐका. पलीकडचा साहेब एकीकडे धमकावतोय आणि एकीकडे स्वतःच्या व्यापात गुंतलाय, हे कुणीही शब्दांत न सांगता कळतं.

तुमच्या मालिकेत असं कारण काय आहे? नसेल तर शोधा, आपल्याकडे ढिगाने आहेत. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे व्हॉइस मेसेज घ्या. जमिनीच्या वादात चुलत्याने रात्री अकराला पाठवलेला आणि सकाळी डिलीट केलेला मेसेज, जो फक्त एकाच पुतण्याने ऐकलाय. ‘११२’च्या नियंत्रण कक्षात रात्रपाळीला बसलेली मुलगी घ्या. दृष्टी गेलेले तबल्याचे गुरुजी घ्या, ज्यांना वाड्यात कोण आलं ते पावलांवरून कळतं, आणि एक दिवस ओळखीची पावलं अनोळखी माणसाच्या आवाजात बोलतात.

अर्थात असं कारण नसतानाही नाटक उभं राहतं, पण मग त्याला सवयीचा आधार लागतो. बीबीसीवरचं ‘द आर्चर्स’ १ जानेवारी १९५१पासून देशभर चालू आहे, भागांची संख्या २०,००० ओलांडून गेली आहे. युद्धानंतर अन्नधान्य वाढवायचं होतं, म्हणून शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोचवायला सुरू झालेली ती मालिका. आपल्याकडे श्रोत्यांना अशीच सवय मुंबई आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ने लावली. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी, एवढ्या तीन आवाजांनी मराठी घरांत आणखी एक घर वसवलं. माझ्या आईच्या वयाच्या माणसांजवळ नुसतं ‘टेकाडे भावजी’ म्हणा, चेहरा उजळतो. तुमच्यासारख्या तिघांना यातून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे वय, पट्टी आणि बोलण्याची चाल यांत एकमेकांपासून लांब असलेले तीन आवाज. पहिल्या वाक्याला कोण बोलतंय हे कळलं पाहिजे. पंचविशीतले चार मित्र चार पात्रं करत असतील, तर संहिता कितीही चांगली असो, श्रोता पाचव्या मिनिटाला हरवतो.

आता लिखाणाबद्दल. सगळ्यात जास्त आढळणारा दोष म्हणजे डोळ्यांना दिसलं असतं ते पात्रांच्या तोंडी घालणं.

“काका, तुम्ही एवढ्या रात्री हातात काठी घेऊन दाराशी का उभे आहात?”

असं कुणी बोलत नाही. त्याऐवजी शहाबादी फरशीवर काठीचे ठोके, संथ, जवळ येणारे. थांबतात. कडी चाचपल्याचा बारीक आवाज.

“काका, झोपला नाहीत?”
“तू झोप.”
“बसा तरी.”
“इथंच बरा आहे.”

काठी आली, दार आलं, रात्र आली, आणि काकांना कशाची तरी धास्ती आहे हेही आलं. शिवाय ती कशाची, हे आपण विचारत बसतो. ‘इथंच बरा आहे’ हे वाक्य माइकपासून थोडं तोंड फिरवून म्हटलं तर दाराकडे नजर आहे हेही ऐकू येतं. श्रुतिकेत नट वहीकडे बघून बोलू शकतो खरा, पण शरीर वळवावंच लागतं.

ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओ नसला तरी चालेल. कपड्यांनी भरलेली कपाटं, गाद्या, जाड पडदे असलेली खोली निवडा. पंखा, फ्रिज बंद. सगळे नट एकाच खोलीत हवेत, कारण वेगवेगळ्या घरी मुद्रित करून जोडलेल्या संवादात एकमेकांच्या श्वासाची लय जुळत नाही. प्रत्येक जागेची नुसती शांतता मिनिटभर मुद्रित करून ठेवा, संकलनात दोन वाक्यांमधली फट भरायला तीच लागते. आवाज शक्यतो स्वतः गोळा करा. नेटवरच्या तयार साठ्यातलं दार परदेशी दार असतं, त्याला आपली कडी नसते. कुकरची शिट्टी, एसटीचं दार, लोकलमधली घोषणा, पत्र्यावरचा पाऊस हे सगळं तुमच्या फोनवरही पुरेसं चांगलं येतं. जुन्या युक्त्याही अजून चालतात. विस्तवासाठी सेलोफेनचा कागद चुरगळायचा, घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या. पार्श्वसंगीत मात्र हात आखडून वापरा. आपल्याकडे प्रत्येक धक्क्याला ‘ढॅण’ करायची खोड लागली आहे, ती टीव्हीवरून आली आहे.

ॲप्सबद्दल तुम्ही विचारलंय. पॉकेट एफएमसारख्या कंपन्या जोरात आहेत, २०२४मध्ये त्यांना १० कोटी डॉलर्सहून जास्त भांडवल मिळालं. त्यांचं गणित वेगळं आहे. छोटे छोटे भाग, एका कथेचे शेकड्यांनी भाग, पहिले काही फुकट आणि मग ॲपमधली नाणी विकत घेऊन पुढचं ऐकायचं. त्यात बहुतेक वेळा एकच निवेदक वाचतो. लोक ते आवडीने ऐकतात आणि त्यावर कित्येक लेखकांची चूल पेटते, त्यामुळे मी नाक मुरडणार नाही. पण ती अभिवाचनाच्या जवळची गोष्ट आहे, आणि तिथे कृत्रिम आवाजांचा शिरकावही झालाय. आठ भागांत संपणाऱ्या नाटकाला त्या गणितात जागा मिळणं अवघड. तिथे जाऊ नका असं म्हणत नाही, पण त्यांच्यासाठी म्हणून कथा ताणू नका.

आणि हक्क. एका ॲपसाठी आम्ही केलेली मालिका त्यांनी मराठी विभाग गुंडाळल्यावर काढून टाकली, आणि करारामुळे ती आम्हाला दुसरीकडेही टाकता येत नाही. मुद्रणं माझ्या हार्ड डिस्कवर पडून आहेत. म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या: ध्वनीचे हक्क किती वर्षांसाठी, पडद्यावरच्या रूपांतराचे कुणाकडे, भाषांतराचे कुणाकडे. प्रसारण थांबलं तर हक्क आपोआप परत, हे कलम मागा. लाजू नका.

पैशाचं सरळ सांगतो. पहिल्या मालिकेत मिळणार नाहीत. तरीही नटांना थोडंफार मानधन द्याच, निदान प्रवासखर्च आणि जेवण. संकलकालाही द्या, हे मी स्वतः संकलक आहे म्हणून म्हणत नाही. एका मिनिटाच्या प्रसंगामागे त्याचे तास जातात आणि मैत्रीखातर केलेलं ते काम तिसऱ्या भागाला रेंगाळतं. भाग पंधरा-वीस मिनिटांचेच ठेवा. आठही भाग तयार झाल्याशिवाय पहिला प्रसारित करू नका, कारण मध्येच थांबलेल्या मालिकेवर श्रोता पुन्हा विश्वास टाकत नाही. ॲपलच्या यादीत २०१९पासून कथामालिकांसाठी स्वतंत्र वर्ग आहे, त्यात नोंद करा. ‘कला’ किंवा ‘समाज’खाली टाकली की कुणाला सापडत नाही.

पाय मागे घेतलेल्या त्या दोघांना बातम्या दाखवत बसू नका. पहिल्या भागातला एकच प्रसंग, तीन मिनिटांचा, या रविवारी मुद्रित करा. संकलन करून हेडफोनवर त्यांना ऐकवा. आणि नंतर तो मलाही पाठवा. आवाजांचे थर कुठे एकमेकांवर चढतायत ते ऐकून सांगेन.